गॅमा किरणांचे चित्रण आणि अर्धवाहक शोधक : ५११ केईव्ही रेषेच्या आधारे एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

खगोलीय गॅमा किरणांचा अभ्यास पृथ्वीच्या दाट वातावरणाबाहेर उपकरण नेऊनच करावा लागतो आणि या किरणांचे चित्र भिंगाने किंवा साध्या आरशाने घेता येत नाही. या दोन अडचणींमुळे गॅमा-किरण खगोलशास्त्राचा इतिहास हा मुख्यतः शोधक उपकरणांचा इतिहास ठरतो. प्रस्तुत लेखात जर्मेनियम, सिलिकॉन, कॅडमियम टेल्युराइड आणि कॅडमियम झिंक टेल्युराइड या अर्धवाहक पदार्थांच्या शोधकांचा विकास तपासला असून आकाशगंगेच्या मध्यभागातून येणाऱ्या ५११ केईव्ही ऊर्जेच्या रेषेचा वाद हे त्याचे प्रमुख उदाहरण म्हणून घेतले आहे. ‘किरण किती ऊर्जेचा’ आणि ‘किरण कोठून आला’ या दोन प्रश्नांची उत्तरे एकच पदार्थ सारख्याच समर्थपणे देऊ शकत नाही. या ओढाताणीतूनच उपकरणांची रचना घडत गेली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : गॅमा किरण, अर्धवाहक, जर्मेनियम, कोडित मुखवटा, पॉझिट्रॉन, इंटिग्रल, अ‍ॅस्ट्रोसॅट

प्रस्तावना

दुर्बिणीचा इतिहास सामान्यतः भिंगे आणि आरसे यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. गॅलिलिओची दुर्बीण, न्यूटनचा परावर्तक, पुढील काळातील महाकाय आरसे हा क्रम विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. विद्युत्-चुंबकीय वर्णपटाच्या टोकाशी असलेल्या गॅमा किरणांच्या बाबतीत मात्र हा क्रम निरुपयोगी ठरतो. ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजेच ५११ केईव्ही ऊर्जेच्या किरणाची तरंगलांबी सुमारे ०.००२४ नॅनोमीटर इतकी असते. अणूचा व्यास साधारणतः ०.१ नॅनोमीटरच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अशा किरणाला आरशाचा पृष्ठभाग ‘गुळगुळीत’ का वाटत नाही, हे स्पष्ट होते. हा किरण पदार्थातून एक तर आरपार जातो किंवा त्यातील एखाद्या इलेक्ट्रॉनशी एकदम टक्कर घेतो. त्यामुळे त्याला वळवून एका बिंदूवर आणण्यापेक्षा, तो ज्या पदार्थात थांबतो त्या पदार्थाकडूनच त्याची माहिती काढून घेणे हा मार्ग शास्त्रज्ञांना स्वीकारावा लागला.

या माहितीचे दोन भाग आहेत. पहिला भाग ऊर्जेचा. विशिष्ट अणुकेंद्राचा ऱ्हास किंवा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यांचा परस्परविनाश विशिष्ट ऊर्जेचाच किरण निर्माण करतो. म्हणून ऊर्जा अचूक कळली की उगमाची भौतिक प्रक्रिया ओळखता येते. दुसरा भाग दिशेचा. दिशा कळली की तो किरण कोणत्या ताऱ्याकडून, अवशेषाकडून किंवा दीर्घिकेकडून आला हे ठरवता येते. पहिल्यातून वर्णपट मिळतो, दुसऱ्यातून चित्र. या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न गेली सहा दशके चालू असून त्यात अर्धवाहक स्फटिकांनी निर्णायक भूमिका बजावली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. गॅमा किरणांच्या शोधनासाठी अर्धवाहक पदार्थांचा वापर कसा सुरू झाला व का वाढला, हे पाहणे.
२. ५११ केईव्ही रेषेच्या वादातून शोधकाची गुणवत्ता व वैज्ञानिक निष्कर्ष यांचा संबंध स्पष्ट करणे.
३. चित्रणाच्या निरनिराळ्या पद्धती व त्यांसाठी निवडलेले पदार्थ यांची तुलना करणे.
४. या इतिहासातील भारतीय सहभागाची नोंद घेणे.

१. आरंभीचे शोधक आणि त्यांची मर्यादा

१९६१ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या ‘एक्स्प्लोरर ११’ या उपग्रहावर पहिली गॅमा-किरण दुर्बीण होती. तिने आपल्या कार्यकाळात आकाशातून आलेले म्हणता येतील असे अवघे २२ गॅमा किरण नोंदले. १९६७ मध्ये सोडलेल्या ‘ओएसओ ३’ या उपग्रहाने ६२१ किरणांच्या नोंदीवरून आकाशगंगेचा पट्टा गॅमा किरणांत तेजस्वी असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी २ जुलै रोजी अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या ‘वेला’ उपग्रहांनी एक अनपेक्षित गॅमा-स्फोट टिपला. तो पृथ्वीवरचा नसून अवकाशातील होता. अशा स्फोटांची माहिती क्लेबेसाडेल, स्ट्राँग व ओल्सन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली.

या काळातील बहुतेक उपकरणे प्रस्फुरक स्फटिकांवर आधारलेली होती. रॉबर्ट हॉफस्टाटर यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलेला, थॅलियमचा अंश मिसळलेला सोडियम आयोडाइडचा स्फटिक हा त्यांतील सर्वांत प्रचलित. गॅमा किरण त्यात थांबला की मंद प्रकाशाची चमक उठते व प्रकाशगुणक नलिका तिचे विद्युत् स्पंदात रूपांतर करते. असे स्फटिक मोठ्या आकारात वाढवता येतात, त्यांना थंड करावे लागत नाही आणि त्यांची किंमतही आटोक्यात असते. त्यांची उणीव मात्र मूलभूत आहे. ऊर्जेचे प्रकाशात, प्रकाशाचे पुन्हा इलेक्ट्रॉनांत असे दोनदा रूपांतर होताना मोजता येणाऱ्या कणांची संख्या घटून काही हजारांवर येते. संख्या जितकी कमी तितके तिच्यातील सांख्यिकीय चढउतार मोठे. परिणामी ५११ केईव्हीच्या आसपास सोडियम आयोडाइडच्या शोधकात एखादी अरुंद रेषा सुमारे ४० केईव्ही इतकी पसरट दिसते. दोन जवळच्या रेषा त्यात एकमेकींत मिसळून जातात.

२. अर्धवाहक स्फटिकांचा उदय

अर्धवाहकात गॅमा किरण थांबतो तेव्हा त्याची ऊर्जा थेट इलेक्ट्रॉन मोकळे करण्यात खर्च होते. मोकळ्या झालेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे एक रिक्त जागा राहते व तीही धनभारित कणाप्रमाणे वाहते. तिला ‘होल’ असे म्हणतात. स्फटिकाच्या दोन बाजूंना विद्युत् दाब दिला की इलेक्ट्रॉन एका बाजूस व होल दुसऱ्या बाजूस जातात आणि किरणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात स्पंद मिळतो. जर्मेनियममध्ये अशी एक जोडी निर्माण करण्यास सरासरी ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षाही किंचित कमी ऊर्जा लागते. म्हणजे ५११ केईव्हीचा एक किरण सुमारे पावणेदोन लाख जोड्या निर्माण करतो. प्रस्फुरकातील काही हजारांच्या तुलनेत ही संख्या प्रचंड असल्याने तीच रेषा जर्मेनियममध्ये जेमतेम २ केईव्ही रुंदीची दिसते. अर्धवाहक शोधकाचे सारे महत्त्व या एका तुलनेत सामावले आहे.

हे तत्त्व प्रत्यक्षात आणण्यास मात्र वेळ लागला. १९४९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील मॅके यांनी जर्मेनियमच्या साहाय्याने अल्फा कण टिपून दाखवले. परंतु अल्फा कण काही मायक्रोमीटर अंतरातच थांबतो. गॅमा किरणाला अडवण्यासाठी काही सेंटीमीटर जाडीचा, आणि त्या संपूर्ण जाडीत विद्युत् क्षेत्र टिकेल असा शुद्ध स्फटिक हवा. त्या वेळच्या जर्मेनियममधील अशुद्धी अशा क्षेत्राला पुरे पडू देत नव्हती. १९६० मध्ये पेल यांनी लिथियमचे अणू स्फटिकात सरकवून अशुद्धीचा परिणाम निष्प्रभ करण्याची पद्धत सुचवली. तिच्या आधारे १९६२ मध्ये फ्रेक व वेकफिल्ड यांनी, आणि त्यानंतर लगेच कॅनडातील चॉक रिव्हर प्रयोगशाळेत टॅव्हेंडेल व यूअन यांनी लिथियमयुक्त जर्मेनियमचे शोधक तयार केले. अणुकेंद्रीय भौतिकीत त्यांनी क्रांतीच घडवली.

या शोधकांची एक विचित्र अट होती. ते वापरात नसतानाही द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागत; एकदा उबदार झाले की लिथियम जागा सोडून सरकत असे व शोधक निकामी होत असे. १९७० च्या दशकाच्या आरंभी अतिशुद्ध जर्मेनियमचे स्फटिक वाढवणे साध्य झाल्यावर ही अट शिथिल झाली. काम करताना थंडावा आवश्यकच राहिला, कारण जर्मेनियमची ऊर्जादरी केवळ ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने खोलीच्या तापमानाला उष्णतेनेच असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे होतात. परंतु साठवण व वाहतूक सोपी झाल्यामुळे हा शोधक फुग्यावर आणि उपग्रहावर नेणे व्यवहार्य बनले.

३. ४७५ की ५११? : एका रेषेचा वाद

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी अर्जेंटिनातून उंच फुगे सोडून आकाशगंगेच्या मध्यभागाचे निरीक्षण केले. जॉन्सन, हार्न्डेन व हेम्स यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णपटात सुमारे ४७५ केईव्ही ऊर्जेजवळ एक उंचवटा दिसत होता. त्यांचा शोधक सोडियम आयोडाइडचा होता.

या उंचवट्याने मोठे कोडे निर्माण केले. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांचा परस्परविनाश झाला तर ५११ केईव्हीचे दोन किरण निघतात. ही संख्या इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावरूनच ठरते व तिच्यात तडजोड संभवत नाही. मग दिसलेली रेषा सुमारे ३६ केईव्हीने खाली कशी? ती परस्परविनाशाचीच असेल तर न्यूट्रॉन ताऱ्यासारख्या प्रचंड गुरुत्वाकर्षणाच्या वस्तूजवळून निघताना तिची ऊर्जा घटली असावी, असा एक विचार पुढे आला. तो स्वीकारला तर आकाशगंगेच्या मध्याशी अशा वस्तूंवर पॉझिट्रॉनांचा प्रचंड साठा आहे, असे मानावे लागले असते.

१९७३ मध्ये लेव्हेंथल यांनी निराळा खुलासा सुचवला. अवकाशातील विरळ वायूत पॉझिट्रॉन बहुधा थेट नष्ट होत नाही. तो आधी एका इलेक्ट्रॉनशी जोडी जमवून ‘पॉझिट्रोनियम’ हा क्षणभंगुर अणू बनवतो. असा अणू दोन प्रकारांनी बनतो व त्यांपैकी तीन-चतुर्थांश वेळा तो दोनऐवजी तीन किरण देऊन नष्ट होतो. तीन किरणांत ऊर्जा निरनिराळ्या प्रमाणात वाटली जात असल्याने ५११ केईव्हीच्या खाली एक सलग उतरण तयार होते. सोडियम आयोडाइडचा शोधक ही उतरण आणि मूळची अरुंद रेषा यांना एकत्र मिसळतो आणि संयुक्त उंचवट्याचे शिखर खाली सरकल्यासारखे भासते. म्हणजे जे स्थलांतर आकाशात घडले असे वाटत होते, ते बहुतांशी शोधकाच्या अंधुक दृष्टीतून निर्माण झालेले होते.

हा खुलासा तर्काने पटणारा असला तरी पुरावा हवा होता. तो मिळवण्यासाठी बेल व सँडिया या प्रयोगशाळांच्या लेव्हेंथल, मॅकॅलम व स्टँग यांनी १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्स येथून जर्मेनियमचा शोधक फुग्यावरून वर पाठवला. दक्षिण गोलार्ध निवडण्याचे कारण असे की तेथे आकाशगंगेचा मध्य डोक्यावरून जातो व वातावरणाचा अडथळा कमी होतो. या उड्डाणात रेषा निःसंदिग्धपणे ५११ केईव्हीलाच, अवघ्या काही केईव्ही रुंदीची आढळली आणि तिच्या खाली पॉझिट्रोनियमची उतरणही दिसली. १९७८ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला व पाच-सहा वर्षांचे कोडे सुटले. येथे सिद्धान्त बदलला नाही. शोधकाचा पदार्थ बदलला आणि त्यासरशी आकाशाचे वर्णन बदलले.

२० सप्टेंबर १९७९ रोजी अवकाशात गेलेल्या ‘हीओ ३’ उपग्रहावर अतिशुद्ध जर्मेनियमचे चार शोधक होते. त्यांच्या नोंदींतून अ‍ॅल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी समस्थानिकाची १८०९ केईव्हीची रेषा प्रथमच सापडली. या समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे सात लाख वर्षे, म्हणजे आकाशगंगेच्या वयाच्या मानाने नगण्य असल्याने, नव्या मूलद्रव्यांची निर्मिती आजही चालू आहे याचा तो प्रत्यक्ष पुरावा ठरला. उपग्रहावरील घनरूप शीतकाचा साठा मात्र १९८० मध्ये संपला आणि त्याबरोबर शोधकांचे कामही थांबले.

‘हीओ ३’च्या नोंदींवरून ५११ केईव्ही रेषेची तीव्रता सहा महिन्यांत घटल्याचाही दावा झाला होता. तो खरा असेल तर किरणांचा उगम अत्यंत लहान असायला हवा होता. या उपकरणांना ऊर्जा उत्तम कळत होती, परंतु दिशेचे ज्ञान अगदी ढोबळ होते; दृष्टिक्षेत्रात नेमके काय आहे हे सांगण्याची सोय नव्हती. विस्तृत दृष्टिक्षेत्राच्या अन्य उपकरणांना ही रेषा स्थिर दिसत होती आणि पुढे १९९४ मध्ये ‘हीओ ३’च्या नोंदींच्या पुनर्विश्लेषणातही तो बदल लक्षणीय ठरला नाही. उत्तम वर्णपट हाती असूनही चित्राच्या अभावी वाद एका दशकाहून अधिक काळ रेंगाळला.

४. भिंगाविना चित्र : कोडित मुखवटा

चित्राचा प्रश्न सोडवणारी कल्पना १९६८ मध्ये डिकी आणि एबल्स यांनी स्वतंत्रपणे मांडली. सूचिछिद्र प्रतिमाग्राहकात एकाच बारीक छिद्रातून प्रकाश येतो. चित्र स्पष्ट मिळते, परंतु प्रकाश फारच थोडा. त्याऐवजी जड धातूच्या पत्र्याला ठरावीक नमुन्यात अनेक छिद्रे पाडली तर किरण पुष्कळ येतात. आकाशातील प्रत्येक उगम त्या पत्र्याची एक स्वतंत्र सावली खालील शोधकावर टाकतो. सर्व सावल्या एकमेकींवर पडून गोंधळ होतो खरा, परंतु छिद्रांचा नमुना ज्ञात असल्यामुळे गणिताने तो उलगडता येतो. छिद्रांची मांडणी कशी असावी म्हणजे उलगडा निर्दोष होईल, याचे उत्तर फेनिमोर व कॅनन यांनी १९७८ मध्ये दिले.

सावली वाचण्यासाठी शोधकाला किरण नेमका कोठे पडला हे कळले पाहिजे. १ डिसेंबर १९८९ रोजी सोडलेल्या सोव्हिएत ‘ग्रानाट’ उपग्रहावरील ‘सिग्मा’ या फ्रेंच दुर्बिणीने हे काम सोडियम आयोडाइडच्या तबकडीवर केले. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये तिने आकाशगंगेच्या मध्याजवळील एका क्ष-किरण उगमात ५११ केईव्हीच्या आसपास अल्पकाळ टिकलेला पसरट उद्रेक नोंदला व त्या उगमाला ‘महाविनाशक’ असे नाव पडले. आता दिशा कळली होती, पण ऊर्जेची रेषा पुन्हा अंधुकच होती. १९७० च्या दशकातील अडचण अशा रीतीने उलट बाजूने परत आली.

५. ‘इंटिग्रल’ : एका यानावर दोन स्फटिक

युरोपीय अवकाश संस्थेची ‘इंटिग्रल’ ही वेधशाळा १७ ऑक्टोबर २००२ रोजी बैकानूर येथून अवकाशात गेली. एकाच उपकरणाकडून दोन्ही अपेक्षा करण्याऐवजी तिच्यावर दोन प्रमुख उपकरणे ठेवण्यात आली, ही गोष्ट या इतिहासात फार बोलकी आहे.

पहिले ‘एसपीआय’. त्यात अतिशुद्ध जर्मेनियमचे १९ षटकोनी स्फटिक असून ते यांत्रिक शीतकाने उणे १९० अंश सेल्सिअसच्या आसपास राखले जात. वर टंगस्टनचा मुखवटा होता. ऊर्जेच्या बाबतीत हे उपकरण अजोड होते. परंतु १९ मोठ्या स्फटिकांवर पडणारी सावली ती किती बारीक असणार? त्याची कोनीय विभेदनक्षमता सुमारे अडीच अंश, म्हणजे पौर्णिमेचे पाच चंद्र शेजारी-शेजारी ठेवावेत इतकी होती. दुसरे उपकरण ‘आयबिस’. त्याच्या वरच्या थरात कॅडमियम टेल्युराइडच्या ४ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या व २ मिलिमीटर जाडीच्या १६,३८४ तुकड्यांची फरशी होती. त्याची विभेदनक्षमता १२ कला, म्हणजे अंशाचा पाचवा भाग होती.

कॅडमियम टेल्युराइडची निवड सहज झालेली नव्हती. कॅडमियम व टेल्युरियम यांचे अणुक्रमांक ४८ व ५२ असल्याने ३२ अणुक्रमांकाच्या जर्मेनियमपेक्षा हा पदार्थ कमी जाडीत किरण अडवतो. त्याची ऊर्जादरी सुमारे दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यामुळे अतिशीत करण्याची गरज नसते. दोष असा की त्यातील होल अतिशय मंद चालतात व वाटेत अडकून पडतात. त्यामुळे किरण किती खोलीवर थांबला यावर स्पंदाची उंची अवलंबून राहते आणि ऊर्जेचे मोजमाप बिघडते. ‘आयबिस’च्या तुकड्यांची जाडी २ मिलिमीटर ठेवण्यामागे हेच कारण होते, स्पंदाला चढण्यास लागणारा वेळ मोजून उरलेला दोष दुरुस्त केला जाई. स्फटिक पातळ म्हणून उच्च ऊर्जेचे किरण निसटून जात. चित्र मिळवण्यासाठी ऊर्जेच्या श्रेणीत पत्करलेली ही तडजोड होती.

जर्मेनियमलाही आपली किंमत मोजावी लागली. अवकाशातील वेगवान प्रोटॉन स्फटिकाच्या जाळीत दोष निर्माण करतात आणि काही महिन्यांत रेषा पसरू लागतात. उपाय म्हणून साधारणतः दर सहा महिन्यांनी निरीक्षण थांबवून स्फटिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले जात व पुन्हा थंड केले जात. या तापवण्याने जाळीतील दोष भरून येत. १९ पैकी चार शोधक कालांतराने बंद पडले, तरीही उरलेल्या १५ वर काम चालू राहिले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘इंटिग्रल’चे वैज्ञानिक निरीक्षण संपले तेव्हा बावीस वर्षे उलटली होती.

दोन स्फटिकांच्या या विभागणीचे फळ लवकरच दिसले. २००४ मध्ये लेब्रुन व सहकाऱ्यांनी ‘आयबिस’च्या चित्रांवरून दाखवले की आकाशगंगेच्या मध्यभागातून येणारा सौम्य गॅमा किरणांचा जो प्रकाश पूर्वी पसरट धुक्यासारखा वाटत होता, तो बहुतांशी ९१ स्वतंत्र उगमांचा मिळून बनला आहे. येथे चित्राने वर्णपटाचा अर्थ बदलला. दुसरीकडे ‘एसपीआय’च्या आधारे डील व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अ‍ॅल्युमिनियम-२६ च्या रेषेचे अत्यल्प सरकणे मोजले. आकाशगंगेच्या भ्रमणामुळे रेषा एका बाजूस किंचित वर व दुसऱ्या बाजूस किंचित खाली सरकते. यावरून आकाशगंगेत या समस्थानिकाचे सुमारे २.८ सूर्यांइतके वस्तुमान असल्याचे व शतकात सरासरी दोनच्या आसपास अतिनवताऱ्यांचे स्फोट होत असल्याचे अनुमान निघाले. येथे वर्णपटाने चित्राची उणीव भरून काढली. २०१४ मध्ये एम ८२ या दीर्घिकेत दिसलेल्या ‘एसएन २०१४ जे’ या अतिनवताऱ्यातून कोबाल्ट-५६ च्या रेषा टिपून ‘इंटिग्रल’ने त्या प्रकारच्या स्फोटांतील किरणोत्सारी इंधनाचा थेट पुरावा दिला.

५११ केईव्ही रेषेबाबत ‘एसपीआय’ने पहिला विश्वसनीय नकाशा दिला. परस्परविनाशाचा प्रकाश आकाशगंगेच्या मधल्या फुगीर भागात एकवटलेला असून चकतीतून तो तुलनेने मंद येतो. पॉझिट्रोनियमचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक निघाले. लेव्हेंथल यांच्या खुलाशाला याहून भक्कम दुजोरा कोणता? ‘महाविनाशका’सारख्या एकट्या उगमाचा मागमूस मात्र लागला नाही. दर सेकंदाला १० च्या ४३ व्या घाताच्या श्रेणीत नष्ट होणारे हे पॉझिट्रॉन येतात कोठून, या प्रश्नाला किरणोत्सारी समस्थानिके, क्ष-किरण जोडतारे, मध्यवर्ती कृष्णविवराची पूर्वीची सक्रियता ते कृष्णद्रव्य अशी अनेक उत्तरे सुचवली गेली. सर्वमान्य असे एकही नाही.

६. कॅडमियम झिंक टेल्युराइड आणि सिलिकॉन

कॅडमियम टेल्युराइडमध्ये जस्ताचा थोडा अंश मिसळला की ऊर्जादरी वाढून गळती-प्रवाह कमी होतो. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून असे स्फटिक उपलब्ध होऊ लागले. १९९४ मध्ये ल्यूक यांनी विद्युत्-अग्रांची अशी रचना सुचवली की स्पंद केवळ इलेक्ट्रॉनांमुळेच उठावा. मंद होलांचा दोष त्यामुळे बराच दूर झाला. लहान चौकटींची अग्रे वापरूनही हाच लाभ मिळतो, शिवाय स्थानाची माहितीही मिळते.

२० नोव्हेंबर २००४ रोजी सोडलेल्या ‘स्विफ्ट’ उपग्रहावरील दुर्बिणीत अशा स्फटिकांचे ३२,७६८ तुकडे असून वर ५० हजारांहून अधिक शिशाच्या चौकटींचा मुखवटा आहे. गॅमा-स्फोट कोठे झाला हे यानावरच काही सेकंदांत गणित करून ठरवले जाते आणि यान आपली इतर दुर्बीण तिकडे वळवते. स्फोट काही क्षणांत विझत असल्यामुळे येथे ऊर्जेच्या अचूकतेपेक्षा क्षेत्रफळ व वेग यांना प्राधान्य देण्यात आले. १३ जून २०१२ रोजी गेलेल्या ‘न्यूस्टार’ने ७९ केईव्हीपर्यंतचे किरण बहुस्तरीय आरशांनी केंद्रित करून कॅडमियम झिंक टेल्युराइडवर पाडले आणि कॅसिओपिया-ए या अवशेषातील टायटॅनियम-४४ चा नकाशा दिला. त्यातील असमान गुठळ्यांवरून तारा सर्व बाजूंनी सारखा फुटला नव्हता, हे उघड झाले.

अतिउच्च ऊर्जेला सिलिकॉन उपयोगी पडला. तेथे किरण टंगस्टनच्या पत्र्यात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण करतो आणि सिलिकॉनच्या पट्ट्यांचे थर तिचा मार्ग नोंदतात. पूर्वीच्या ठिणगी-कक्षातील वायू कालांतराने खराब होत असे. सिलिकॉनला अशा खर्चिक पुरवठ्याची गरज नाही. ११ जून २००८ रोजी सोडलेल्या ‘फर्मी’ दुर्बिणीने याच तंत्राने पाच हजारांहून अधिक उगमांची सूची सिद्ध केली.

७. भारतीय सहभाग

सिलिकॉन पट्ट्यांवर आधारलेला ‘अजिले’ हा इटालियन उपग्रह २३ एप्रिल २००७ रोजी श्रीहरिकोटा येथून भारतीय ‘पीएसएलव्ही-सी८’ प्रक्षेपकाने सोडण्यात आला. ‘फर्मी’च्या आधी या तंत्राची अवकाशातील उपयुक्तता त्याने दाखवून दिली. २००८ मधील ‘चांद्रयान-१’ वरही कॅडमियम झिंक टेल्युराइडचे शोधक होते.

यापुढचे पाऊल म्हणजे २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेली ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ ही वेधशाळा. तिच्यावरील कॅडमियम झिंक टेल्युराइड प्रतिमाग्राहक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली सिद्ध झाला. पुण्याच्या आयुका या संस्थेसह इस्रोची केंद्रे व अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा यांचा त्यात वाटा होता. त्यात ६४ घटक असून प्रत्येकात २५६ चौकटी, म्हणजे एकूण १६,३८४ चौकटी आहेत. हा आकडा ‘आयबिस’च्या वरच्या थरातील तुकड्यांइतकाच आहे. स्फटिकांची जाडी ५ मिलिमीटर असल्याने उच्च ऊर्जेच्या किरणांना ते अधिक काळ अडवू शकतात.

या जाडीचा एक वेगळा उपयोग झाला. १०० केईव्हीच्या वर काही किरण एका चौकटीत इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतात व शेजारच्या चौकटीत थांबतात. विखुरण्याची दिशा किरणाच्या ध्रुवीकरणावर अवलंबून असते. अशा दुहेरी नोंदी वेगळ्या काढून क्रॅब नाडीताऱ्याच्या किरणांचे ध्रुवीकरण त्याच्या स्पंदाच्या अवस्थेनुसार बदलते, असा निष्कर्ष वडवळे व सहकाऱ्यांनी ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’ या नियतकालिकात मांडला. उपकरणाची बाजूची भिंत १०० केईव्हीच्या वरील किरणांना पारदर्शक असल्याने आकाशाच्या मोठ्या भागातील गॅमा-स्फोटही त्याला दिसतात. जानेवारी २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या एका घटनेनंतर त्याच दिशेला एक विझत जाणारा प्रकाश आढळला व दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह साहजिक होता. या उपकरणाने दुसऱ्या दिवशी नोंदलेल्या गॅमा-स्फोटाच्या आधारे तो प्रकाश त्या निराळ्या स्फोटाचा असल्याचे दाखवण्यास मदत झाली.

८. उरलेली दरी

सुमारे ०.२ ते काही दशक एमईव्ही या पट्ट्यात मुखवटा पारदर्शक होऊ लागतो आणि जोडी-निर्मितीही पुरेशी होत नाही. येथे कॉम्प्टन विखुरण हाच आधार राहतो. किरण प्रथम कोठे आदळला, नंतर कोठे थांबला आणि प्रत्येक ठिकाणी किती ऊर्जा दिली हे कळले तर, ऑर्थर कॉम्प्टन यांच्या १९२३ च्या सूत्राने तो आकाशातील एका विशिष्ट वर्तुळावरून आला एवढे सांगता येते. अनेक वर्तुळे जेथे छेदतात तेथे उगम. १९९१ ते २००० या काळात ‘कॉम्पटेल’ने प्रस्फुरकांच्या साहाय्याने हे केले, परंतु तिच्या सूचीतील स्थिर उगम केवळ ३२ होते. ‘फर्मी’च्या हजारोंशी तुलना केल्यास या पट्ट्यातील दारिद्र्य ध्यानी येते.

जर्मेनियमच्या स्फटिकावर दोन्ही बाजूंना एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या उमटवल्या तर तोच स्फटिक ऊर्जा व त्रिमितीतील स्थान दोन्ही सांगतो. ऊर्जा आणि चित्र यांचा मेळ एकाच पदार्थात घालण्याचा हा प्रयत्न होय. या उपकरणाची वाटचाल सुकर नव्हती. २०१० मध्ये ॲलिस स्प्रिंग्स येथे फुगा सोडतानाच अपघात होऊन त्याची मोठी हानी झाली. त्याची पुढील आवृत्ती ‘कोझी’ १२ स्फटिकांसह १७ मे २०१६ रोजी न्यूझीलंडमधील वानाका येथून उडाली, ४६ दिवस तरंगत राहिली व पेरूमध्ये उतरली. तिने ५११ केईव्ही रेषेचेही निरीक्षण केले. या तत्त्वावरील उपग्रहाची निवड नासाने २०२१ मध्ये केली असून त्याचे प्रक्षेपण २०२७ साठी नियोजित आहे. जपानच्या ‘हितोमी’ उपग्रहावर सिलिकॉन व कॅडमियम टेल्युराइड यांचे मिश्र कॉम्प्टन उपकरण होते. १७ फेब्रुवारी २०१६ ला सोडलेल्या या यानाशी अवघ्या पाच-सहा आठवड्यांत संपर्क तुटला, तरी तेवढ्या अवधीत त्याने क्रॅबचे ध्रुवीकरण मोजले.

निष्कर्ष

१. गॅमा-किरण खगोलशास्त्रात शोधकाचा पदार्थ हा केवळ तांत्रिक तपशील नसून निष्कर्षाचा घटक असतो. ४७५ केईव्हीचा उंचवटा आकाशात नव्हता. तो उपकरणाच्या मर्यादेतून दिसत होता.

२. अचूक वर्णपट चित्राविना आणि स्पष्ट चित्र वर्णपटाविना दिशाभूल करू शकते. ‘हीओ ३’चा बदलता प्रकाश आणि ‘सिग्मा’चा ‘महाविनाशक’ ही याची दोन बाजूंची उदाहरणे आहेत.

३. कोणताही अर्धवाहक सर्वगुणसंपन्न नाही. जर्मेनियम थंडावा व वेळोवेळी तापवणे मागतो, कॅडमियम टेल्युराइड जाडी मर्यादित करतो, सिलिकॉन अतिउच्च ऊर्जेलाच पुरतो. प्रत्येक मोहिमेचे यश आपल्या प्रश्नाला साजेशी तडजोड निवडण्यावर अवलंबून राहिले.

४. भारतीय उपकरणाने मूळ चित्रणाच्या उद्देशापलीकडे जाऊन ध्रुवीकरण व गॅमा-स्फोट यांच्या अभ्यासात स्थान मिळवले. उपकरणाच्या स्वभावाची नीट ओळख असेल तर त्याच्या मर्यादेतूनही नवे निरीक्षण निघू शकते, हे त्यातून दिसते.

५. अर्ध्या शतकापूर्वी सापडलेल्या ५११ केईव्ही रेषेची ऊर्जा निश्चित झाली, नकाशा मिळाला. पॉझिट्रॉनांचा उगम अद्याप अनिश्चित आहे. त्याचे उत्तर नव्या सिद्धान्तापेक्षा कदाचित ऊर्जा व दिशा दोन्ही सारख्याच निष्ठेने सांगणाऱ्या स्फटिकाकडून आधी मिळेल, असे या इतिहासावरून म्हणता येते.